तेल न घातलेली सायकल

२६ जानेवारी १९८६, रविवार

ही डायरी १९८३ची आहे. बाबा ज्या सोसायटीत वॉचमन आहेत तिथे कोणीतरी रद्दीत टाकली होती, बाबा घेऊन आले. छापलेले वार चुकीचे आहेत, ते मी खोडतो आणि वर खरे लिहितो. पहिल्याच पानावर 'या वर्षीचे माझे ध्येय' असं छापलंय. त्यापुढे आधीच्या मालकाने 'वजन' एवढंच लिहून सोडून दिलंय.

माझं ध्येय आज जेवताना ठरलं. बाबांनीच ठरवलं. मिलचा संप झाल्यापासून ते शब्द रेशनवर मिळाल्यासारखे वापरतात, त्यामुळे बोलले की आम्ही सगळे घास थांबवतो. म्हणाले, "लवू, शिमग्याक गावाक जावचां हा. तोपर्यंत कायतरी काम धर. नाय धरलंस तर तू थंयच रव. दादूकाकाच्या पोफळींक पाणी घाल."

गावाला राहायचं! दादूकाका दिवसातून दोनदा बोलतो, त्यातलं एकदा बैलाशी. संध्याकाळी सात वाजता सगळं गाव झोपतं. मी तिकडे आठवड्यात वेडा होईन.

आई म्हणाली, "काम काय मिळाक नाय काय त्येका? टिकता खंय?" हे मात्र खोटं आहे. मी काम सोडत नाही. काम करता करता लक्ष दुसरीकडे जातं आणि परत येईपर्यंत तिथे दुसरा मुलगा लागलेला असतो. मालाडच्या छापखान्यातून मला शाई आणायला पाठवलं, वाटेत सर्कशीचे उंट चालले होते. उंट कुठे जातात हे बघायला नको? बोरिवलीपर्यंत गेले.

गावकी मंडळाची गाडी शिमग्याला २१ मार्चला सुटणार. नावं जयवंतकाका लिहून घेतात. ते आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत राहतात. बाबा म्हणाले, एक दिवस जाऊन तुझं नाव देतो.

२ फेब्रुवारी, रविवार

काम मिळालं! म्हणजे जवळजवळ.

अंधेरीला पूर्वेला 'क्षमा व्हिडिओ लायब्ररी' आहे. दारावर पाटी: 'मुलगा पाहिजे. स्वतःची सायकल आवश्यक.' मालक नाडकर्णी, बँकेतली नोकरी सोडून बायकोच्या नावाने दुकान काढलंय. काम काय, तर लोकांच्या घरी सिनेमाच्या कॅसेटी पोचवायच्या आणि परत आणायच्या. दिवसभर फिरायचं आणि त्याचा पगार! असं काम जगात आहे आणि मला कोणी सांगितलं नाही.

नाडकर्णी म्हणाले, "सायकल कुठाय?"

मी म्हटलं, "दुरुस्तीला."

"झाली की घेऊन ये. मी दुसरा मुलगा ठेवत नाही तोपर्यंत जागा तुझी."

खोटं बोललो असं वाटत नाही. दुरुस्ती करायचीच आहे. फक्त आधी सायकल मिळवायला हवी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल सहदेवबरोबर गोवंडीच्या भंगारात गेलो. सहदेव माझा दोस्त, आमच्या जोगेश्वरीतच सलूनमध्ये केस कापतो. बुधवारी त्याची सुट्टी. तिथे दिवसभर पत्र्याच्या गोण्या उचलल्या, तेव्हा भंगारवाल्याने एक फ्रेम दिली. फ्रेम लेडीज आहे. मी म्हटलं, लेडीज नको. तो म्हणाला, "तू इसपे शादी करनेवाला है क्या?" घेतली.

येताना खांद्यावर फ्रेम. घाटकोपरला मैदानात कबड्डीचे सामने चालू होते आणि गुण लिहिणारा माणूस चहाला गेला होता. त्यांनी मला बसवलं. मी फायनलपर्यंत गुण लिहिले, जिंकलेल्या टीमच्या टेम्पोतून नाचत घरी आलो. घरी आल्यावर आठवलं, फ्रेम मैदानात.

आज सकाळी परत गेलो. एका बाईने तिच्यावर गोधडी वाळत घातली होती. म्हणाली, "गोधडी वाळेपर्यंत थांब." थांबलो. जाड होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मागचं चाक मिळालं. दूधवाल्याच्या मोडक्या सायकलचं, मोठं, दणकट. पुढचं चाक अजून मिळालं नव्हतं, तर शेजारच्या रुक्मिणीकाकूंच्या माळ्यावर त्यांच्या मुलाची लहानपणची सायकल होती, तिचं घेतलं. ते मागच्याच्या निम्मं आहे. त्यामुळे सायकल पुढे वाकलीय, देवाला नमस्कार करतेय अशी. सहदेव म्हणाला, "झकास आहे रे. कायम उतारावरच असशील."

सीट नव्हती. सहदेवच्या सलूनमधली एक खुर्ची मोडली होती. दाढी करताना मान टेकवतात ती गादी त्याने काढून दिली. बसायला मऊ आहे, पण तिला मधे मानेची खाच आहे. बसणाऱ्याने सवय करून घ्यावी.

मागचा मडगार्ड तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून केला. हँडलच्या मुठी म्हणून घरातल्या मिलच्या दोन लाकडी कांड्या बसवल्या. बाबांनी संपाआधी आणलेल्या, सुताच्या. बाबा समोर बसले होते. मी म्हटलं, "घेऊ ना?" त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, म्हणून घेतल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबा आज जयवंतकाकांकडे माझं नाव द्यायला गेले होते. लगेच परत आले. "जयवंत गावलो नाय."

वाचलो.

पण मला नवल वाटलं. जयवंतकाका दिवाळीच्या साफसफाईत पंखा पुसताना पडले, तेव्हापासून पाय प्लास्टरमध्ये आणि ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. जाणारायेणाराला हाक मारून थांबवतात, कोणी थांबत नाही म्हणून चाळीतली कुत्री ओळखीची करून ठेवलीत. मगाशी मी पाणी भरायला गेलो तेव्हाही बसले होते. बहुतेक बाबा गेले नेमके तेव्हाच आत गेले असतील.

२ मार्च, रविवार

सायकल पूर्ण झाली!

चेन मालाडच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याने दिली, तिच्यात अजून थोडं पीठ आहे. कॅरियर म्हणजे लोखंडी स्टुलाचा वरचा भाग. ब्रेक नाहीत, पण डाव्या पायाची चप्पल पुढच्या चाकावर दाबली की थांबते. डाव्या चपला जास्त लागणार, एवढंच.

रंग नाही. जिथे गंज आहे तिथे तांबडी, जिथे नाही तिथे काळी. नोकरी लागली की निळा रंग देणार आणि मडगार्डवर माझं नाव लिहून घेणार.

चाळीच्या बोळातून पहिली फेरी मारली. सगळे दारात आले. आवाज जरा होतो. मागचं चाक कुईंऽऽ करतं, एखाद्या डुकराची शेपटी दारात सापडावी तसं. चेन खोकते. आणि मडगार्डचा पत्रा धडधडतो. तिन्ही एकदम सुरू झाले की समोरचा माणूस तोंड हलवताना दिसतो, ऐकू येत नाही. सायकलला घंटी बसवायची राहिली होती, आता गरज वाटत नाही.

आई बाहेर येऊन बघत राहिली. "मेल्या, ह्यां काय हाडलंस? सायकल की बोकड?"

जयवंतकाका प्लास्टरचा पाय आपटत हसले. बाबा ड्युटीवर निघाले होते. ते एक मिनिट थांबले, डोळे मिटून आवाज ऐकला, आणि गेले. त्यांना आवडली असावी.

संध्याकाळी ते परत जयवंतकाकांकडे जाऊन आले. गावले नाहीत. पायाला प्लास्टर आणि माणूस घरी सापडत नाही! मला दोन पाय धड आहेत तरी मी इतका फिरत नाही.

४ मार्च, मंगळवार

सायकल घेऊन दुकानात गेलो. नाडकर्णी बाहेर आले. बराच वेळ सायकलच्या भोवती फिरले. मी आपला उभा.

"ही तुझी?"

"हो साहेब."

"दुरुस्तीला दिली होतीस म्हणालास. मग दुरुस्त का नाही केली?"

मी म्हटलं, ही दुरुस्त झालेलीच आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "या सायकलवरून नव्या कॅसेटी गिऱ्हाइकाकडे पाठवणार नाही. दुकानाची अब्रू आहे." डोळ्यांपुढे पोफळी दिसायला लागल्या. मग तेच म्हणाले, "पण थकलेल्या कॅसेटी आहेत. लोक नेतात आणि परत देत नाहीत. मी गेलो की साहेब अंघोळीला बसलेले असतात. तीन मुलं सोडून गेली या कामापायी. तू आणतोस का बघू. आणल्यास तर नोकरी. वीस तारखेपर्यंत वेळ."

५ मार्च, बुधवार

लोक किती चांगले असतात हे मला आज समजलं.

पहिला पत्ता मरोळची एक सोसायटी. मी आत शिरलो, जिन्याजवळ सायकल टेकवत होतो एवढ्यात पोरं धावत आली. "काय आहे हे? सर्कस आली?" मी म्हटलं, कॅसेट परत न्यायला आलोय, दुसऱ्या मजल्यावरची. पोरं ओरडायला लागली, "दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कॅसेट दिली नाही! दुसऱ्या मजल्यावरच्यांनी!" गॅलरीतून सगळ्या बायका बघतायत. मी पोरांना हौस म्हणून आवारात एक फेरी मारून दाखवली. तेवढ्यात साहेब स्वतः खाली आले, पायात चप्पल पण नाही. कॅसेट पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जा बाबा जा, थांबू नकोस इथे."

उन्हातान्हात थांबू नकोस म्हणाले. एवढे मोठे साहेब.

दुसरीकडेही तेच. तिथे तर बाईंनी कॅसेटबरोबर लाडू दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी चालत ये हं." पेडल मारून माझे पाय दुखत असतील असं त्यांना वाटलं असेल. काळजीने म्हणाल्या, हे नक्की.

नाडकर्णींना कॅसेटी दिल्या तेव्हा ते बसल्या जागेवरून उठले. "काय बोललास तू त्यांना?"

"काहीच नाही. दिल्या त्यांनी."

८ मार्च, शनिवार

आज जोगेश्वरीत गुंफेच्या बाजूला एका घरी गेलो, तर घरात सिनेमा चालू होता, मी मागायला आलो होतो तीच कॅसेट. आजोबा म्हणाले, "आता शेवटच राहिलाय, बस." बसलो. शेवट झाल्यावर कळलं की मला सुरुवात माहीत नाही. त्यांनी पहिल्यापासून लावली. जेवण पण तिथेच झालं.

दुकानात पोचेपर्यंत काळोख. मला वाटलं आता नोकरी गेली. नाडकर्णींनी कॅसेट बघितली आणि म्हणाले, "ही गेल्या गणपतीतली आहे! हरवली म्हणून सोडून दिली होती मी." रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सायकल आहे तशीच ठेव हो." मी म्हटलं, निळा रंग देणार आहे. तर दचकले. "खबरदार!"

निळा आवडत नसेल. हिरवा देईन.

१२ मार्च, बुधवार

आज असं काही बघितलं की नीट लिहून ठेवतो.

दुपारी झोपून उठलो तर बाबा बोळात पाटावर बसलेले. माझी सायकल उलटी करून ठेवली होती. शेजारी घासलेट, चिंध्या, आणि आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी. बाबांची बाही कोपरापर्यंत वर. माझ्या आठवणीत बाबांची बाही वर नाहीच. वॉचमनच्या युनिफॉर्मला बटणं मनगटापर्यंत लावावी लागतात.

बाबा मिलमध्ये ऑइलर होते, हे मला माहीत होतं, पण शाळेत बापाचा धंदा लिहिताना मी नुसतं 'मिल' लिहायचो. मशीनला तेल घालणे हे काय काम आहे, असं वाटायचं.

ते पेडल हाताने फिरवायचे, कान चाकाजवळ न्यायचे, दोन थेंब सोडायचे, परत फिरवायचे. चेनमधलं पीठ त्यांनी काडीने काढलं. मडगार्डच्या पत्र्याखाली चामड्याचे तुकडे घातले. मग चाक जोरात फिरवलं आणि हात काढून घेतला. चाक फिरत राहिलं. काही म्हणजे काही ऐकू येईना. जयवंतकाकांच्या रेडिओवरचा बाजारभाव ऐकू आला.

बाबा हसले. चाकाकडे बघून. मी संपाच्या आधी पाहिला होता तो दात अजून तसाच पुढे आहे.

मला म्हणाले, "मशीन बोंबलता म्हणजे माणूस झोपलेलो असता. आता जा खंय ता. कोणाक कळूचां नाय इलंस कधी नि गेलंस कधी."

एवढं मोठं वाक्य त्यांनी कैक दिवसांत बोललेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

सायकल लोण्यासारखी चालते. पण आज एकही कॅसेट मिळाली नाही.

एका घरी दार बंदच. आतून माणसाचा आवाज आला, "साहेब घरात नाहीत." मी विचारलं, "आपण कोण?" तर म्हणाले, "साहेब." मग आतून आणखी एक कडी लागली.

दुसरीकडे बाई म्हणाल्या, उद्या ये. तिसरीकडे कुत्रं. पोरं सुद्धा जमली नाहीत. मी आलो हे कोणाला कळलंच नाही.

मला वाटतं बुधवार, शनिवारी लोकांची मनं चांगली असतात, गुरुवारी नसतात. उपास असतो बऱ्याच जणांचा.

१५ मार्च, शनिवार

आज शनिवार असून एकही नाही. वाट लागली. हात हलवत दुकानात गेलो. नाडकर्णी बाहेरच उभे होते आणि मी त्यांच्या मागे येऊन उभा राहिलो, तरी त्यांना कळलं नाही. "साहेब" म्हटलं तेव्हा उडालेच.

"अरे, आवाज कुठे गेला?"

"बाबांनी तेल घातलं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "कोणी सांगितलं होतं तेल घालायला? मला तो आवाज परत पाहिजे. होता तसा. आवाज नाही तर नोकरी नाही."

माणसाला आवाज कशाला लागतो? येताना विचार केला तेव्हा उलगडलं. मी भटकतो हे त्यांना समजलंय. सायकल वाजत असली की दुकानात बसल्या बसल्या कळतं मी कुठे आहे ते. हुशार आहेत, बँकेतले ना.

वर एक पत्ता दिला. म्हणाले, "वीस तारखेला हा शेवटचा. दिवाळीपासून दाबून बसलाय. हा आणलास तर मी तुला कायमचा ठेवतो, नाहीतर राम राम." पत्ता वाचला तर बाबांचीच सोसायटी! चौथा मजला, चंद्रप्रकाश वागळे. म्हणजे सेक्रेटरी साहेब. आई सांगते की ते बाबांना रोज स्कूटर पुसायला लावतात आणि सलाम उशिरा केला की सगळ्यांसमोर बोलतात. बाबा स्वतः यातलं काही सांगत नाहीत.

१६ मार्च, रविवार

सहदेवने सोपा उपाय सांगितला. "मूठभर रेती घाल चाकात. बोंबलेल दुप्पट." रेती आणली. बोळात बसलो, चाकाचं नट सैल केलं. आत बाबांनी घातलेलं तेल दिसत होतं, स्वच्छ, सोनेरी. मूठ तशीच धरून किती वेळ बसलो माहीत नाही. मग रेती कुंडीत टाकली.

पत्र्याचा तुकडा तारांमध्ये अडकवून बघितला. पहिल्याच वळणावर उडाला आणि मंजनवाल्याच्या तराजूत पडला.

आवाज नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर पोफळी. आणि आवाज करायचा म्हणजे बाबांच्या हातावर रेती. मी कोणालाच विचारू शकत नाही, म्हणून जयवंतकाकांनी हाक मारली तेव्हा थांबलो. त्यांना इतका आनंद झाला की कुत्र्याला उठवून मला पाट दिला.

मी म्हटलं, "काका, गाडीत माझी सीट खिडकीची द्या निदान."

"खंयची सीट? तुझां नाव माझ्याकडे इलांच नाय कधी."

"बाबा दोन-तीनदा येऊन गेले. तुम्ही गावला नाहीत."

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "होय तर. मी मॅरेथॉनला गेललंय," आणि इतके हसले की खुर्ची कलली.

म्हणजे बाबा दर वेळी विसरतात आणि आईला तोंड द्यायला नको म्हणून असं सांगतात. वय झालं त्यांचं. मी काही बोलणार नाही. पण गाडी भरली नसेल तर ऐन वेळी सुद्धा नाव घालता येतं, असं काका म्हणाले, त्यामुळे धोका आहेच.

१७ मार्च, सोमवार

शेवटी बाबांना सांगितलं. जेवताना, मान खाली घालून. म्हटलं, "बाबा, मालकांना सायकलचा आवाज हवाय. तुम्ही काढलात तो."

आईच्या हातातला डाव थांबला. बाबा आमटी भुरकत राहिले. भात संपवला, ताटात हात धुतला. मला वाटलं, झालं, आता उद्या उठून जयवंतकाकांकडे जाणार आणि या वेळी काका घरी सापडणार.

बाबा म्हणाले, "कसलो आवाज?"

"अं?"

"चाक रडता तो, की चेन खोकता तो, की पत्रो धडधडता तो?"

मी तोंडाने काढून दाखवला, "कुईंऽऽ."

"चाकाचो." त्यांनी डोळे मिटले. "सुकां ठेवलां तर म्हयन्याभरात आतले बेरिंगचे गोळे खाऊन टाकीत. सायकल मरतली. थांब."

बोळात दिवा लावून बसले. जुनी चामड्याची वादी काढली, मिलमधल्या पट्ट्याची असावी. तिचा एक तुकडा चिमटीत धरून फिरत्या चाकाच्या कडेला लावून बघितला. भुर्रर्र झालं. "ह्यो म्हशीचो." तुकडा तासला, राळ लावली, परत धरला. "ह्यो दाराचो." पुन्हा तासला. रुक्मिणीकाकू दार उघडून म्हणाल्या, "काय रे भाऊराव, डुकर शिरला काय चाळीत?" बाबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, गाणं चालू असताना करतात तसं.

मग एकदम तो आला. कुईंऽऽ. माझ्या दाढा शिवशिवल्या. कुत्री उठली.

"ह्यो?" बाबा.

"ह्योच!"

वादीला त्यांनी स्प्रिंग बसवली आणि सुतळी बांधून हँडलवरच्या कांडीपर्यंत आणली. सुतळी ओढली की बोंब, सोडली की सायकल गप्प. तेल तसंच्या तसं आत. आई म्हणाली, "चाळीस वर्सां आवाज बंद करूचो पगार घेतलास, नि आता ह्यां?" बाबा म्हणाले, "बंद करुक येता त्येकाच करुक येता."

तो मला रात्री अकरापर्यंत सुतळी ओढायला लावत होता. तो म्हणजे बाबा. चुकून 'तो' लिहिलं गेलं, राहू दे.

२० मार्च, गुरुवार

सकाळी दहाला वागळ्यांच्या सोसायटीवर गेलो. गेटमध्ये बाबा उभे. मी त्यांना युनिफॉर्ममध्ये ड्युटीवर कधी बघितलं नव्हतं. टोपी थोडी मोठी आहे. शेजारी खुद्द वागळे साहेब स्कूटर दाखवत होते, "इथे डाग राहिलाय. इथे. दिसत नाही का?" बाबा फडका घेऊन वाकलेले.

मी म्हटलं, "बाबा..."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जन्मात बघितलं नाही. "कोण पायजे?"

मला वाटलं डोळ्यांवर ऊन आलं असेल. मी म्हटलं, "क्षमा व्हिडिओतून आलोय. चौथा मजला, वागळे. कॅसेट."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "कसली कॅसेट? मी उद्या पाठवतो म्हणून सांगितलंय त्या माणसाला. वॉचमन, याला बाहेर काढ. आणि हे भंगार पण." आणि तरातरा वर निघून गेले.

बाबा माझ्याजवळ आले. दंडाला धरलं, बाहेर काढतात तसं, आणि ओठ न हलवता म्हणाले, "बाहेर कित्याक? कंपाउंडला लागून जा गोल. आणि दोरी वोढ."

ओढली. कुईंऽऽऽ! भिंतींवर आपटून तो आवाज तिप्पट होऊन परत आला. कबुतरं उडाली. पहिल्या मजल्यावर दूध उतू गेल्याचा वास. खिडक्या उघडल्या. "कोण आहे?" "काय मेलं कापताय का?" मी ओरडून सांगितलं, "कॅसेट! चौथा मजला! दिवाळीपासूनची!" एक फेरी झाली. दुसरी झाली. शाळेला दांडी मारलेली दोन पोरं मागे धावायला लागली. पहिल्या मजल्यावरून एक आजी म्हणाल्या, "सेक्रेटरींची? आम्ही पाण्याचे पैसे दोन दिवस उशिरा भरले म्हणून नोटीस लावतात ते?" तिसऱ्यावरून कोणी टाळी वाजवली.

गेटजवळून जाताना बाबांकडे बघितलं. ते ताठ उभे होते, हात पाठीमागे, नजर समोर. मला वाटलं आता पुरे म्हणतील. माझ्या दिशेने जरासे झुकले.

"आणखी वोढ. चौथ्यार पोचूक नाय."

मी सुतळी दोन्ही हातांनी धरून ओढली.

चौथ्या मजल्याची खिडकी उघडली. वागळेबाई, अनुपमाबाई म्हणतात त्यांना, भाजीवाल्याला सोडतात ती दोरीची टोपली खाली सोडायला लागल्या. टोपलीत कॅसेट. मागून साहेबांचा आवाज, "अगं देऊ नको, देऊ नको!" आणि बाईंचा, "तुम्ही जाऊन तोंड दाखवा मग त्यांना!" टोपली तिसऱ्या मजल्यावर अडकली, तिथल्या काकांनी ती सोडवून खाली दिली आणि जाता जाता आतल्या कॅसेटचं नाव सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक फार मदत करतात.

मी कॅसेट घेतली. बाबा अजून तसेच. गेट उघडून दिलं मला, आणि मी बाहेर पडताना त्यांनी हात टोपीला लावला. सलाम केला! वागळे साहेब वरून बघत होते, त्यांनाच केला असणार.

नाडकर्णींनी कॅसेट दोन्ही हातांत घेतली. म्हणाले, "उद्यापासून ये. कायम." मग म्हणाले, "लायब्ररीच्या खर्चाने तुला डाव्या चपलांचे जोड."

मी म्हटलं, साहेब, हिरवा रंग दिला तर चालेल का? ते म्हणाले, नोकरी पाहिजे का रंग?

संध्याकाळी बाबा घरी आले. मी सांगितलं, नोकरी लागली. आईने देवाजवळ साखर ठेवली. बाबांनी युनिफॉर्म काढून खुंटीला लावला आणि बाही वर सारत बोळात गेले.

"सुतळी सैल झाली असतली," म्हणाले. "सायकल हंय घेवन ये."